झोपेचा हिशेब

पहाटे चार चाळीसचा गजर वाजला तेव्हा मी जागीच होते. लेकीला तिसऱ्यांदा झोपवून नुकती कुठे पाठ टेकली होती. रात्री बारा, मग दोन, मग साडेतीन... वरचे दोन दात एकदमच येत होते तिला. दात येताहेत ही बातमी सगळ्या घराला होती, रात्रीची ड्यूटी मात्र एकटीची. माझी! शेजारी नवरा गाढ झोपलेला. गजर बंद केला, केसांना रबर लावलं, ट्रॅक पँट चढवली आणि चपला हातात घेऊन दाराकडे निघाले. स्वयंपाकघरात सासूबाई पाणी पीत उभ्या होत्या.

"आजही जाणार?"

"हो आई, सातच्या आत येतेच."

"रात्रभर जागी होतीस की गं."

यावर काय बोलणार? नुसती हसले आणि स्कूटीची किल्ली उचलली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. लेक तेव्हा अकरा महिन्यांची होती, आता चार वर्षांची आहे. त्या पहाटे मी कुठे निघाले होते हे सांगितलं तर तुमच्यातल्या निम्म्या जणी हसतील. मी निघाले होते नाव वल्हवायला. रोइंगच्या सरावाला!

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. लहानपणी नदी बघितली ती पुराच्या वेळी, तीही लांबून, आईचा पदर धरून. पोहायलासुद्धा येत नव्हतं. पुढे शिकायला पुण्याला गेले आणि संगमाजवळ पहिल्यांदा त्या लांबच लांब, निमुळत्या नावा बघितल्या. मैत्रिणीच्या नादाने आधी पोहायला शिकले, मग नावेत बसले आणि हातावर फोड येऊन त्यांचे घट्टे होईपर्यंत उठलेच नाही. नोकरी लागली, लग्न झालं, नाशिकला आले. इथे गोदावरीच्या पाण्यावर सराव करणारी मंडळी भेटली आणि सुटलेलं वल्हं पुन्हा हातात आलं. आमच्या जिल्ह्याला तसं या खेळाचं कौतुक आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ लष्करात गेला, तिथे रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदकही मिळवलं. विहिरीचं पाणी पुरत नाही अशा गावचा मुलगा पाण्यावर नाव काढतो, मग निफाडच्या पोरीने दोन हात मारायला काय हरकत आहे, असं मी सासरी सांगायची.

हा खेळ लांबून सोपा दिसतो. नाव संथ पाण्यावर सरकत असते, माणसं पुढेमागे झुलत असतात. खरं तर यात हातांपेक्षा पायांचं काम जास्त. बसायची सीट चाकांवर सरकते. गुडघे दुमडून पुढे यायचं, वल्ही पाण्यात टाकायची, पायांनी जोर लावून मागे सरकायचं, मग पाठ, आणि हात अगदी शेवटी. स्पर्धेचं अंतर दोन हजार मीटर. तेवढ्यात असे दोनशे-सव्वादोनशे स्ट्रोक होतात आणि प्रत्येकाला अख्ख्या अंगाचा कस लागतो. आणि सराव पहाटेच, कारण ऊन चढलं की वारा सुटतो आणि पाणी खवळतं. एकट्याची नाव जेमतेम चौदा किलोची असते. ती काय लाटांना तोंड देणार! म्हणजे हा खेळ नेमका त्याच वेळी हाक मारतो, ज्या वेळी तान्ह्या बाळाच्या आईला जरा कुठे डोळा लागलेला असतो.

त्या पहाटे नावेत बसले आणि दहा मिनिटांतच माझं एक वल्हं पाण्यात अडकलं. याला आमच्यात 'क्रॅब' म्हणतात. पाण्याखाली खेकड्याने वल्हं धरून ठेवावं तसं ते बाहेरच येत नाही आणि त्याचा दांडा पोटात बसतो. नवशिक्यांची ही चूक. माझी तिसऱ्यांदा झाली तसं सरांनी किनाऱ्यावर बोलावलं.

"ताई, रात्री किती झोपलात?"

मी बोटांवर मोजलं. "चार तास... म्हणजे सलग नाही, तुकड्या तुकड्यांनी."

"मग आज घरी जा. अशा दिवशी व्यायाम अंगी लागत नाही, नुसती झीज होते."

मला राग आला. सहा दिवस पहाटे उठून येते त्याचं काहीच नाही? थंडीत क्लबच्या शर्यती होत्या. मशीनवर दोन हजार मीटर वल्हवण्याची माझी बाळंतपणाआधीची वेळ आठ मिनिटं दहा सेकंद होती, ती आता नऊ वीसवर गेली होती. मला ती नऊच्या खाली आणायचीच होती. का, ते विचारू नका. वर्षभर मी फक्त 'बाळाची आई' होते. त्या मशीनवरचा आकडा तेवढा माझ्या एकटीचा होता.

फणफणत स्कूटी काढली. सकाळची थंड हवा, रिकामा रस्ता. एका वळणावर पुढचा खांब दिसला एवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट चाकाखाली मुरूम करकरल्याचा आवाज आणि डाव्या गुडघ्यात उठलेली कळ. स्कूटी रस्ता सोडून कडेला आडवी झाली होती, मी तिच्याखाली. मागून गाडी नव्हती, वेग कमी होता, गुडघा खरचटण्यावर निभावलं. दूधवाल्या काकांनी स्कूटी उचलून दिली. "काय झालं पोरी, खड्डा होता का?" म्हणाले. मी हो म्हटलं. खड्डा नव्हता. मला झोप लागली होती.

हातपाय कापत होते ते पडल्यामुळे नाही. तासाभराने याच स्कूटीवर लेकीला बेल्टने पोटाशी बांधून मी पाळणाघरात नेणार होते, रोजच्यासारखी. ते आठवून कापत होते.

नंतर डॉक्टरांकडून कळलं, याला 'मायक्रोस्लीप' म्हणतात. काही सेकंदांची झोप. डोळे उघडे असू शकतात, पण मेंदूने शटर ओढलेलं असतं. ती लागली हे आपल्याला कळतही नाही. जागरणाचा परिणाम किती असतो याचा अभ्यास झालेला आहे. सतरा तासांहून जास्त वेळ सलग जागं राहिलं की माणूस इतका मंदावतो, जितका तो रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना मंदावतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता गंमत बघा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलीस अडवतात. रात्रभर लेकरू खांद्यावर घेऊन फिरलेल्या बाईला घरचे म्हणतात, "उठलीसच आहेस तर जाता जाता दूध घेऊन ये."

त्या दिवशी घरी आल्यावर मी काय सांगितलं असेल? खड्डा होता, हेच! खरं सांगितलं असतं तर पुढचं वाक्य मला पाठ होतं. "सोड ना ते वल्हवणं. आता मूल झालंय." आठ दिवस मी गप्प राहिले. आपल्या बायकांचं हे असंच असतं. काहीतरी एक सोडायला लागणार म्हणून आपण दुखणंच लपवतो. बरं, सोडायचं ते नेहमी आपल्याच ताटातलं. ऑफिस सुटत नाही, कारण पगार लागतो. स्वयंपाक सुटत नाही, पाहुणे सुटत नाहीत, चतुर्थीचा उपास सुटत नाही. सुटतो तो आपला एक तास आणि त्याच्याही आधी आपली झोप. झोप कापली तर कुणाचंच काही अडत नाही ना! तिची कुणी तक्रार करत नाही. तिचं बिल येतं, पण उशिरा येतं आणि आपल्याच नावावर येतं.

आठ दिवसांनी नवऱ्याला खरं सांगितलं. रात्री, लेक झोपल्यावर. तो आधी चिडला, मग घाबरला, मग म्हणाला, "मला उठवायचंस ना. मला जागच येत नाही गं."

मी म्हटलं, "अरे, गेल्या महिन्यात पहाटेची पंचवटी पकडायची होती, तेव्हा गजराच्या आधी उठून बसला होतास."

तो गप्प झाला. कधीकधी एवढं एक वाक्य पुरतं. जाग येणं न येणं हा बराचसा जबाबदारीचा मामला आहे. ज्याला माहीत असतं की दुसरं कुणीतरी उठणार आहे, त्याची झोप गाढ असते. ज्याला माहीत असतं की आपल्याशिवाय कुणी उठणार नाही, त्याला कूस बदलल्याच्या आवाजाने जाग येते. आईच्या झोपेचं लोक कौतुक करतात, 'किती सावध झोप असते आईची!' त्या कौतुकात आपण फसतो.

मग आम्ही वही घेऊन बसलो. खरंच, हिशेबाची वही! रात्रीचे दोन भाग केले. दहा ते दोन तो, दोन ते सहा मी. लेक अकरा महिन्यांची होती, दिवसा पोटभर खात होती, अंगावरचं पाणी चालू होतं तरी आता रात्री प्रत्येक वेळी पाजायची गरज नव्हती. हे आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवलं. तिला हवं असायचं ते जवळ घेणं, थोपटणं. ते काय फक्त आईलाच येतं? पहिले चार दिवस महाभयंकर गेले. लेक बाबाच्या खांद्यावर आकांत करायची आणि मी दुसऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसून जागीच. पाचव्या दिवशी ती त्याच्या खांद्यावर झोपली. त्या रात्री मी सलग साडेचार तास झोपले. सकाळी उठल्यावर भिंतीचा रंगसुद्धा वेगळा वाटला, खोटं नाही सांगत.

आणि सराव? सहा दिवसांचा तीन दिवसांवर आणला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या तिन्ही दिवसांच्या आदल्या रात्री दुसरी पाळीही नवऱ्याची, बाकीच्या दिवशी पहाट त्याची मोकळी. शिवाय एक नियम केला. रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर पाण्यावर जायचं नाही आणि गाडीला हातही लावायचा नाही. लेकीला पाळणाघरात मग तो सोडणार किंवा रिक्षा. रिक्षाचे साठ रुपये जड वाटायचे सुरुवातीला. मुरुमावर आडवी पडलेली स्कूटी आठवली की वाटायचे नाहीत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, तुमचं बरं आहे बाई, नवरा ऐकणारा मिळाला. आमच्याकडे कोण ऐकतं? आणि सासूबाई? थांबा, त्यांचंही सांगायचंय. कारण खरी चपराक मला तिथे बसली.

वही मांडून बसलो होतो तेव्हा नवरा सहज बोलून गेला, "मला बाहेरगावी जावं लागलं तर आई घेईल की रात्री तिला." मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी आईंना विचारलं. त्या मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "घेईन की. नाही कशाला म्हणू? पण तुला एक सांगू का? ह्याच्या जन्मापासून मी एका दमात रात्र काढली नाही. आधी हा, मग धाकटी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग ह्यांचा दमा. आता कुणी उठवत नाही तरी तीनला डोळे टक्क उघडतात."

म्हणजे त्या पहाटे स्वयंपाकघरात त्या पाणी प्यायला उठलेल्या नव्हत्या. त्या जाग्याच होत्या, वर्षानुवर्षं. आणि मी इतकी वर्षं त्या घरात राहून 'आई पहाटे लवकर उठतात' एवढंच म्हणत होते.

माझी झोप वाचवायला त्यांची झोप खर्च झाली तर हिशेब जुळला असं म्हणायचं का? आपल्या घरोघरी हेच होतं. सुनेची नोकरी, सुनेचं शिक्षण, सुनेचा खेळ सासूच्या किंवा आईच्या कंबरेवर उभा राहतो आणि आपण म्हणतो, 'घरच्यांचा खूप पाठिंबा आहे हो!' हे घरचे म्हणजे बहुतेक वेळा घरातली दुसरी बाईच असते. आम्ही आईंचं नाव वहीतून खोडलं. नवरा बाहेरगावी असेल त्या आठवड्यात माझा सराव बंद. आणि आईंना डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या झोपेसाठी. "वयामुळे आहे गं" म्हणत होत्या. रक्तदाब वाढलेला निघाला.

त्याच फेरीत माझंही रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४! बाळंतपणानंतर गोळ्या कधी बंद झाल्या ते मलाच आठवत नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. म्हणजे दोघींत एक. तेव्हा बायांनो, सतत थकवा आहे, जिना चढताना धाप लागते, तर सगळं जागरणावर ढकलू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या. बाळंतपणानंतर झोपायची संधी असूनही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल तर तेही अंगावर काढू नका. तो आजार असू शकतो, त्याला औषध आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

व्यायामाचंही सांगून टाकते. बाळंतिणीने हलूच नये, हे आता डॉक्टर सांगत नाहीत. बाळंतपणात काही गुंतागुंत नसेल तर हळूहळू चालणं वाढवावं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायामापर्यंत यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं आहे. पण धावणं, उड्या असल्या दणक्याच्या व्यायामांना किमान तीन महिने थांबायला हवं आणि त्याआधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट व्हायला हवेत. खोकताना, शिंकताना लघवी निसटत असेल तर ते 'बाईच्या जातीला असायचंच' नाही. त्याचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. मी पाच महिन्यांनी डॉक्टरांना विचारून मशीनवर बसले आणि सुरुवातीला दहा मिनिटांच्या वर गेले नाही. सहा दिवसांचं वेड नंतर लागलं. सरांचं म्हणणं मला उशिरा पटलं. व्यायामाने स्नायू थकतात, त्यांची डागडुजी होते ती विश्रांतीत, विशेषतः गाढ झोपेत. झोप नसेल तर व्यायाम म्हणजे गवंडी न बोलावता नुसती भिंत पाडत राहणं. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. तान्ह्या बाळाच्या आईला सलग सात मिळणार नाहीत हे मान्य. पण मग ते जिथून मिळतील तिथून गोळा करायला हवेत आणि गोळा करायला घराने मदत करायला हवी.

त्या दिवसांत सर मला एका इंग्लिश बाईचं उदाहरण द्यायचे, हेलन ग्लोव्हर. २०१२ आणि २०१६ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये दोघींच्या नावेत सुवर्णपदक, मग निवृत्ती, मग मुलगा, मग २०२० च्या जानेवारीत जुळी. त्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि जुळी झोपली की ती घरातल्या मशीनवर बसायला लागली. २०२१ मध्ये टोकियोला ती जोडीदारणीबरोबर चौथी आली आणि २०२४ मध्ये पॅरिसला चौघींच्या नावेत रौप्यपदक घेतलं. पॅरिसमध्ये तर कमालच झाली. दोघींच्या नावेच्या शर्यतीत न्यूझीलंडच्या ब्रूक फ्रान्सिस आणि लुसी स्पूर्स यांना सुवर्ण मिळालं. त्या दोघी आई. कांस्यपदक मिळवणाऱ्या ब्रिटनच्या जोडीतली मॅथिल्डा हॉजकिन्स-बर्न, तीही आई. पदकाच्या चौथऱ्यावर सहा जणींत तिघी लेकुरवाळ्या! आपल्या मेरी कोमने हे आधीच दाखवून दिलं होतं म्हणा. जुळ्या मुलांनंतर २०१२ मध्ये लंडनला कांस्य. आणि लक्षात घ्या, स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये वल्हं हातात घ्यायलाच १९७६ साल उजाडलं. तेव्हाही त्यांची शर्यत पुरुषांच्या निम्मी, एक हजार मीटरची. १९८८ पासून ती दोन हजारांची झाली.

हे सगळं वाचून अभिमान वाटतो. मला मात्र तेव्हा आधी अपराधी वाटायचं. ती तीन पोरं सांभाळून करते, मला एक जड होतंय? पण नीट बघितलं तर कळतं, यातलं कुणीही एकटीने केलेलं नाही. नवरा, आई-वडील, प्रशिक्षक, पैसा असं सगळं मागे उभं असतं. पॅरिसला तर ऑलिम्पिकच्या इतिहासात पहिल्यांदा खेळाडूंच्या गावात बाळांसाठी खोली केली गेली, आणि त्यासाठी अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स हिने पाठपुरावा केला, ती स्वतः आई झाल्यानंतर. तेव्हा 'ती करते, तू का नाही?' असं कुणी म्हणालं तर विचारा, 'तिच्या बाळाला रात्री कोण घेतं?' आपल्याकडे 'सुपरमॉम' म्हणून पाठ थोपटायची नवी रीत आली आहे. पाठ थोपटण्यापेक्षा लेकरू थोपटा ना!

आकडाच हवा असेल तर घ्या. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बायकांची दिवसाला २८९ मिनिटं गेली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं. म्हणजे पावणेपाच तास आणि दीड तास. यातला तीन तासांहून मोठा फरक कुठून भरून निघतो? दिवस सगळ्यांनाच चोवीस तासांचा. बाई तो रात्रीतून काढते.

रोइंगमध्ये 'डबल स्कल' नावाची नाव असते. दोघांची. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. एकाने जोर लावला आणि दुसरा नुसता बसून राहिला तर नाव वेगात जात नाही, ती डगमगते आणि जास्त दमतो तो वल्हवणारा. कारण बसलेल्याचं वजनही त्यालाच ओढायचं असतं. संसाराला गाडीच्या दोन चाकांची उपमा देऊन आपण कंटाळलोय, ही नवी घ्या!

थंडीतल्या त्या शर्यतीत माझं काय झालं? मशीनवर आठ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. आमच्या गटात मी शेवटून दुसरी. माझ्या मागे होती ती बाई पन्नाशीची होती आणि तिने नंतर मला घरून आणलेला शिरा खाऊ घातला. नवरा लेकीला कडेवर घेऊन आला होता, त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मला ती बघून, देवाशपथ, फार बरं वाटलं. आई आल्या नव्हत्या. "मी आज दुपारी झोपणार आहे," म्हणाल्या होत्या. आजवर त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लेक आजारी पडली की वही कोपऱ्यात जाते. नवरा अजून अधूनमधून 'ऐकू आलं नाही' म्हणतो. मागच्या महिन्यात सरावाचे बारापैकी पाचच दिवस जमले. पण स्कूटीचा नियम मोडलेला नाही. एकदाही नाही.

तुमच्यापैकी कितीजणींकडे वल्हं असेल? फार थोड्या. पण प्रत्येकीकडे काहीतरी असतंच. कुणाचा शिवणाचा क्लास, कुणाची लोकसेवा आयोगाची परीक्षा, कुणाचं भजनी मंडळ, कुणाचं सकाळी तासभर चालणं. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, भल्या पहाटे मळ्यात किंवा कंपनीच्या बसला जायचं असतं, त्यांची झोप तर याहून जास्त मोलाची. आपल्या आवडीची गोष्ट टिकवायची तर आधी झोप टिकवायला हवी. आणि ती मागून घ्यावी लागेल. कुणी ताटात वाढून देणार नाही.

आज रात्री एवढंच करा. एक कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात घरातलं कोण कोण रात्री किती वेळा उठलं ते लिहा. सासूबाईंचं, आईचंही लिहा. कागद कुणाच्या तोंडावर फेकू नका, भांडूही नका. फ्रिजवर लावा, फ्रिज नसेल तर कॅलेंडरशेजारी. रोज सगळ्यांच्या नजरेला पडू दे. मग कोण काय म्हणतं ते मला कळवा.

पत्र सावकाश लिहा. आधी झोपा!